रंगाऱ्याचे हात

नवे लुगडे घरात आले की ते नेसण्यापूर्वी माझी आजी त्याच्या पदराचे टोक पाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यावर घासून पाही, आणि फडके कोरे राहिले तर 'रंग पक्का आहे' असा निवाडा देऊन लुगड्याची घडी पेटीत ठेवी. फडक्यावर तांबूस किंवा निळसर डाग उमटला, तर मात्र ते लुगडे निराळ्या बादलीत, इतर कपड्यांपासून दूर, दोन-तीन पाण्यांतून काढल्यावाचून कुणाच्या अंगाला लागत नसे. त्या पहिल्या पाण्याकडे ती फार बारकाईने पाही. पाणी कोणत्या रंगाचे निघाले, किती वेळ निघत राहिले, दुसऱ्या पाण्याला ते फिके पडले की नाही, यावरून ती दुकानदाराची सचोटी, कापडाची किंमत आणि लुगड्याचे आयुष्य या तिन्हींचा अंदाज बांधी. पक्का आणि कच्चा एवढे दोनच शब्द तिला पुरत. परंतु रंगाच्या धंद्याचा इतिहास वाचू लागल्यापासून मला त्या बादलीतल्या पाण्याची आठवण वारंवार येते. कारण कापडावर जो रंग बसला नाही तो गेला कुठे, हा प्रश्न आजीने पाण्याकडे पाहून विचारला होता, आणि तोच प्रश्न विचारायला शास्त्राला, सरकारला आणि व्यापाराला शंभर वर्षे लागली.

गावगाड्याच्या बारा बलुतेदारांत परीट आहे, रंगारी नाही. कपडे धुणे ही गावाची नित्याची गरज होती, रंगवणे ही नैमित्तिक. म्हणून परिटाला खळ्यावर बलुते मिळे आणि रंगारी मात्र कसब्याच्या किंवा पेठेच्या ठिकाणी दुकान मांडून, इतर कसबकऱ्यांप्रमाणे सरकारात मोहतर्फा हा कर भरून, रोख मजुरीवर आपला चरितार्थ चालवी. या धंद्यातही वाटण्या झालेल्या होत्या. निळीत काम करणारे ते निळारी किंवा निराळी. तांबड्या-पिवळ्या रंगांत आणि छापकामात हात बसलेले ते भावसार व रंगारी. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरांत पुणे, नगर, सोलापूर या जिल्ह्यांच्या वर्णनात या लोकांच्या नोंदी आढळतात, आणि १८९६ मध्ये फॉसेट नावाच्या अधिकाऱ्याने या इलाख्यातील रंग व रंगकाम यांवर एक स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. तिच्या प्रकाशनाच्या वेळी हा धंदा मावळतीला लागलेला होता. सरकारी दफ्तराला एखाद्या हुन्नराची आठवण बहुधा तो हुन्नर जाऊ लागल्यावरच होते.

निळीचे काम पाहण्यासारखे असे. नीळ पाण्यात विरघळत नाही, ही त्या रंगाची मूळ अडचण. नुसती कुटून पाण्यात कालवली तर ती गाळासारखी तळाशी बसते आणि कापड कोरेच राहते. म्हणून निळारी जमिनीत पुरलेल्या रांजणात चुना, पापडखार, गूळ आणि उकडलेले टाकळ्याचे बी यांच्या संगतीत तिला आंबवी. टाकळा पावसाळ्यात उकिरड्यावरही उगवतो आणि आपण त्याची भाजी करतो. त्याच्याच बियांनी रांजण आंबे. काही दिवसांनी पाण्यावर तांब्यासारखी झळाळी असलेली साय येई, खाली पाणी हिरवट-पिवळे होई, आणि त्याचा उग्र दर्प नाकात भरला की रांजण 'लागला' हे निळाऱ्याला कळे. मग ओले कापड त्यात बुडवून, हातानेच खालवर करून, तो ते बाहेर काढी, त्या क्षणी ते हिरवट-पिवळे दिसे आणि वारा लागताच पाहता पाहता हिरवे, मग मोरपिशी, मग निळे होत जाई. एका बुडीने आकाशी, चार-पाच बुड्यांनी गडद, आणि पुटावर पूट देत गेले म्हणजे चंद्रकळेचा तो जवळजवळ काळा रंग, जो संक्रांतीला नेसण्यासाठी आपल्याकडच्या बायका वर्षभर जपून ठेवीत. निळाऱ्याचे हात कोपरापर्यंत निळे असत. नखांच्या कडांना बसलेली निळाई सणावारीही जात नसे.

तांबड्याचा मार्ग निराळा. आल या झाडाच्या मुळ्या तीनेक वर्षांच्या झाल्या की खणून काढीत. जाड मुळीपेक्षा बारीक मुळीत रंग अधिक, त्यामुळे खणणाराला खोल आणि जपून खणावे लागे. खानदेश, वऱ्हाड या मुलखांत आलीची लागवड होत असे. कापड आधी तेल व खार यांच्या पाण्यातून, मग तुरटीच्या पाण्यातून काढल्यावर आलीच्या काढ्यात शिजवले की विटकरी-तांबडा रंग धाग्याला असा बसे, की कापड फाटले तरी तो उतरत नसे. तुरटी ही इथली खरी मध्यस्थ. धागा आणि रंग यांची परस्परांशी ओळख नसते. तुरटीतील धातू दोघांना धरून ठेवतो. हिराकस घातली आणि हिरडा जोडीला दिला तर त्याच रीतीने काळा रंग मिळतो. याउलट कुसुंब्याचा गुलाबी रंग कितीही देखणा असला तरी कच्चा. करडईच्या फुलांतून पिवळा अंश पाण्याने काढून टाकायचा, मग खाराने तांबडा अंश सोडवायचा, मग लिंबाच्या रसाने तो कापडावर उतरवायचा, आणि एवढ्या सायासानंतर चार धुण्यांत तो निघून जायचा. म्हणूनच कुसुंबी वस्त्र लग्नकार्याचे, नित्याचे नव्हे.

हे सगळे निरुपद्रवी होते काय? जुने ते सर्व निर्मळ आणि नवे ते सर्व विषारी, असे मानण्याकडे आजकाल आपला कल झुकू लागला आहे, आणि तो मला मान्य नाही. परीट कपड्यांवर गिऱ्हाइकाची खूण करी ती बिब्ब्याच्या रसाने. बिब्ब्याचा चीक लावून वर चुना दिला की काळी, कायमची, कोणत्याही भट्टीने न जाणारी खूण उमटते. रंग पक्का म्हणाल तर याहून पक्का रंग सापडणार नाही. पण तोच बिब्बा कातडीवर उठतो, फोड येतात, आग होते. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर, कमरेवर, जिथे धोब्याची खूण अंगाला लागे नेमक्या तिथेच, चट्टे उठू लागले, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी १९४३ मध्ये या विकाराचे वर्णन 'धोब्याच्या खुणेचा त्वचारोग' याच अर्थाच्या नावाने केले. बिब्बा झाडालाच येतो. नैसर्गिक या विशेषणाने तो सौम्य होत नाही. तसेच जुन्या रंगकामात पुढे पुढे शिरलेले मोरचूद आणि क्रोमचे क्षार यांचेही आहे: रंग फुलापानांचा असला तरी त्याला धरून ठेवणारा धातू कोणता, हे पाहिल्याशिवाय कापडाला शुद्धतेची सनद देता येत नाही.

आणि निळीची गोष्ट तर रसायनाच्याही पलीकडची आहे. बिहार-बंगालमध्ये हौदातल्या कुजलेल्या पाल्याच्या पाण्यात कमरेइतके उभे राहून ते तासन् तास घुसळणारे मजूर, आणि शेतकऱ्याच्या जमिनीपैकी वीस कठ्ठ्यांतील तीन कठ्ठे निळीला बांधून घेणारी तिनकठिया पद्धत, यांत राबलेल्यांच्या घामाने ती नीळ भिजलेली होती. १८९७ मध्ये जर्मनीतील कारखान्याने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि हिंदी निळीचा भाव कोसळला, तेव्हा चंपारण्यातील निळवाल्या साहेबांनी तोटा आपल्या पदरी न घेता, निळीच्या सक्तीतून सोडवण्याच्या मोबदल्यात कुळांवर शरहबेशी नावाची खंडवाढ लादली. १९१७ मध्ये महात्मा गांधी चंपारण्यात गेले ते याच कुळांच्या कैफियती लिहून घेण्यासाठी. कापड निळे करण्याचा खर्च कापड नेसणाऱ्याखेरीज दुसऱ्याच कुणाच्या खाती पडावा, ही रीत कारखानदारीच्या आधीपासूनची आहे, हे विसरता कामा नये.

ती रीत मोठ्या प्रमाणावर कशी रूढ झाली, हे कळण्यासाठी १८५६ सालाकडे जावे लागते. विल्यम हेन्री पर्किन या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने लंडनमध्ये दगडी कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या ॲनिलिनपासून क्विनीन करण्याचा खटाटोप मांडला होता. क्विनीन साधले नाही, पण भांड्याच्या बुडाशी राहिलेल्या काळ्या राडीतून एक जांभळा रंग निघाला आणि तो रेशमावर बसला. दोन वर्षांनी पेटर ग्रीस याने अशी एक विक्रिया शोधली, की तिच्यायोगे दोन नत्र अणूंच्या पुलाने दोन सुगंधी वलये जोडता येऊ लागली. हाच तो 'ॲझो' बंध, ज्यावर आजच्या रंगांपैकी अर्ध्याहून अधिक उभे आहेत. १८६९ पर्यंत मंजिष्ठेच्या युरोपीय भगिनीतला ॲलिझरीन हा रंग कारखान्यात तयार होऊ लागला, आणि फ्रान्स-हॉलंडमधली तिची शेते काही वर्षांत ओस पडली. तोच ॲलिझरीन पुढे आपल्याकडे येऊन आलीच्या मुळ्यांची जागा घेऊन बसला.

पण आपल्या रंगाऱ्याच्या दृष्टीने खरा युगप्रवर्तक रंग १८८४ चा. त्या वर्षी बोटिगर या जर्मन रसायनज्ञाने बेन्झिडिन या द्रव्यापासून तयार केलेल्या एका तांबड्या रंगाचे पेटंट घेतले. बर्लिनमध्ये त्याच सुमारास काँगोच्या मुलखाच्या वाटण्यांसाठी परिषद भरली होती, आणि बाजारी हुशारीने रंगाला नाव मिळाले 'काँगो रेड'. त्याची अपूर्वाई अशी की सुती धाग्याला तो थेट लागे. तुरटी नको, तेल नको, खार नको, तीन वर्षांची मुळी नको. ऊन पाणी, चिमूटभर मीठ, पुडीतला रंग आणि अर्धा तास. ज्या ज्ञानासाठी मुलाने बापाच्या हाताखाली दहा वर्षे काढावी, ते सारे त्या पुडीत बांधून विकावयास आले. यात रंगाऱ्याने काही गैर केले असे मला वाटत नाही. गिऱ्हाइकाला स्वस्त आणि चकचकीत हवे होते, सावकाराला हप्ता हवा होता, आणि आलीच्या काढ्याखाली जाळायला लाकूड महाग झाले होते. बेन्झिडिनपासून पुढे काळे, निळे, तपकिरी असे कित्येक रंग निघाले, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत आपल्या पेठांतील रांजण उपडे पडून त्यांच्या जागी पितळी पातेली आली.

असे पातेले मी पाहिले आहे. आमच्या तालुक्याच्या गावी, बाजारपेठेच्या मागल्या बोळात, एक वृद्ध रंगारी फेटे आणि विटलेल्या साड्या रंगवून देई. ओट्यावर चूल, चुलीवर पातेले, बाजूला डब्यांची रांग. डब्यावर सिंहाचे किंवा देवीचे चित्र असलेला कागद, आत हिरवट-काळी दिसणारी भुकटी, जी पाण्यात पडताच लालभडक होई. रंग उतरला किती हे पाहण्यासाठी तो पातेल्यात काठी न घालता बोट घाली, बोट नखावर घासून पाही, आणि त्याच बोटांनी तंबाखू मळून तोंडात टाकी. गिऱ्हाईक रंगाची छटा हुबेहूब जुळल्याचे कौतुक करी आणि तो समाधानाने हसे तेव्हा त्याच्या तळहातावरच्या रेषा पाच रंगांत दिसत. तो पुढे कशाने गेला, हे कुणी विचारले नाही. रंगाऱ्याचे हात रंगलेलेच असायचे, यात नवल ते काय, असे सर्वांना वाटे, मलाही वाटे.

फ्रांकफुर्टच्या एका शस्त्रवैद्याला मात्र नवल वाटले होते. लुडविग रेन हे त्याचे नाव. धडधडत्या मानवी हृदयाला टाका घालून रोगी वाचवणारा पहिला शस्त्रवैद्य म्हणून १८९६ मध्ये त्याची कीर्ती झाली. त्याच्या आदल्या वर्षी, १८९५ मध्ये, त्याने आपल्या व्यवसायबंधूंच्या परिषदेत असे निवेदन केले, की फुक्सिन या किरमिजी रंगाच्या कारखान्यात बरीच वर्षे काम केलेल्या तीन माणसांच्या मूत्राशयात त्याला अर्बुदे आढळली आहेत. तीन माणसे ही संख्या लहान. पण एकाच कारखान्यातील मोजक्या कामगारांतून एवढा विरळा रोग तीनदा यावा, हे त्याला योगायोगाचे वाटले नाही. त्याने दोष ॲनिलिनला दिला. तो नेमका नव्हता. खरे अपराधी बेन्झिडिन आणि बीटा-नॅफ्थिलअमाइन हे त्याच कुळातले दोघे, हे पुढे ठरले. परंतु दिशा अचूक होती, आणि काँगो रेडला तेव्हा जेमतेम अकरा वर्षे झाली होती.

१९२१ मध्ये जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने रंगकारखान्यांतील मूत्राशयाच्या कर्करोगावर स्वतंत्र अहवाल काढला. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत ह्यूपर याने कुत्र्यांवरील प्रयोगांत बीटा-नॅफ्थिलअमाइनचा कर्करोगकारक गुण सिद्ध केला. १९५४ मध्ये ब्रिटनमधील केस नावाचा संशोधक आणि त्याचे सहकारी यांनी कारखान्यांच्या हजेरीपटांवरून व मृत्युनोंदींवरून हिशेब मांडला, तेव्हा या कामगारांना मूत्राशयाच्या कर्करोगाचा धोका सामान्य लोकांच्या मानाने सुमारे तीसपट असल्याचे दिसले. काम आणि रोग यांत पंधरा-वीस वर्षांचे अंतर पडते. माणूस नोकरी सोडून गावी गेलेला असतो, आणि लघवीतून रक्त जाऊ लागले की गावचा वैद्य त्याला उष्णता झाली म्हणून सांगतो. या अंतरानेच कारखानदारांना इतकी वर्षे सवलत दिली.

तरीही एक सबब शिल्लक होती. बेन्झिडिन घातक असेल, पण तयार रंगात ते बांधलेले आहे. रंग वापरणाऱ्याला त्याचे काय? या सबबीला उत्तर मिळाले ते जपानातील क्योतो येथून. तिथे किमोनोवर हाताने चित्रे रंगवणारे कलावंत कुंचल्याचे टोक अणकुचीदार करण्यासाठी ते ओठांत धरून ओलावीत. पिढ्यान् पिढ्यांची ही सवय. फक्त रंग तेवढे बदलले होते. १९७० च्या सुमारास तिथल्या वैद्यांच्या ध्यानात आले, की या कलावंतांत मूत्राशयाचा कर्करोग वाजवीपेक्षा अधिक आढळतो. आतड्यातील आणि यकृतातील व्यापार या रंगांतील नत्राच्या पुलाला, त्या ॲझो बंधाला, मोडून टाकतात आणि बांधलेले बेन्झिडिन पुन्हा मोकळे होते. माझ्या मनात ओठांतला तो कुंचला आणि बोळातल्या रंगाऱ्याचे तंबाखू मळणारे बोट ही दोन्ही एकाच चित्रात येतात. आज जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगसंशोधन संस्था बेन्झिडिन आणि शरीरात गेल्यावर बेन्झिडिन मोकळे करणारे रंग, या दोहोंनाही मानवास निश्चितपणे कर्करोगकारक ठरवते.

आपल्याकडे या विद्येचे पीठ मुंबईत होते. मुंबई विद्यापीठाने १९३३ मध्ये सुरू केलेल्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे धुरीण डॉ. के. वेंकटरामन हे कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रातील जगन्मान्य अधिकारी. १९५२ मध्ये त्यांचा या विषयावरील द्विखंडात्मक इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि १९५७ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. परदेशी रंगांवर अवलंबून असलेल्या देशाने आपले रंग आपण करावे, ही त्या पिढीची आकांक्षा उदात्त होती, आणि मुंबईपासून अहमदाबादपर्यंत जे रंगकारखाने उभे राहिले त्यांमागे तिचा वाटा मोठा आहे. परंतु युरोपात ज्या जिनसा कामगारांच्या रोगामुळे नकोशा झाल्या, त्या करण्याचे काम हळूहळू ज्या देशांकडे सरकले त्यांत आपला देश होता, हेही त्याच इतिहासाचे पान आहे.

मग हे रंग बंद करण्याचा हुकूम कुठून आला? १९९४ मध्ये जर्मनीने आपल्या ग्राहकोपयोगी वस्तूंच्या कायद्यात दुरुस्ती करून, बेन्झिडिनच्या कुळातली वीस ठराविक अमाइने मोकळी करू शकणारे ॲझो रंग अंगाला लागणाऱ्या कापडात वापरण्यास मनाई केली. ज्या देशात हे रंग जन्मले आणि ज्या देशात रेनने तीन माणसांची हकिकत सांगितली, त्याच देशात, नव्व्याण्णव वर्षांनी. आपल्या निर्यातीचे गठ्ठे परत येण्याची भीती उत्पन्न झाली आणि सरकारी यंत्रणा त्वरेने हलली: बेन्झिडिनवर आधारलेल्या ४२ रंगांवर आधीच बंदीची तजवीज झालेली होती, मार्च १९९७ मध्ये आणखी ७० ॲझो रंगांची तीत भर पडली, आणि निषिद्ध रंगांची यादी ११२ वर गेली. २००२ मध्ये युरोपीय संघाने अमाइनांची संख्या बावीस केली आणि किलोभर कापडामागे ३० मिलिग्रॅम ही मर्यादा घातली. हे सर्व इष्टच झाले. पण मला यातला क्रम अस्वस्थ करतो. शंभर वर्षे जो आजार रंग करणाऱ्याच्या आणि रंगवणाऱ्याच्या शरीरावर उघड दिसत होता, त्याने कायदा हलला नाही. परदेशातील नेसणाऱ्याच्या शरीराची शंका येताच तो हलला. रंगाऱ्याचे संरक्षण झाले ते गिऱ्हाइकाच्या संरक्षणाच्या ओघात.

पर्किनच्या शोधाला बरोबर शंभर वर्षे झाली त्या वर्षी, १९५६ मध्ये, सुतासाठी एका नव्या जातीचे रंग बाजारात आले. 'रिॲक्टिव्ह' रंग म्हणून आज प्रत्येक प्रोसेस हाउसमध्ये ते माहीत आहेत. हे रंग धाग्यावर नुसते बसत नाहीत, धाग्याशी रासायनिक बंधाने जोडले जातात. नेसणाऱ्याच्या दृष्टीने याहून पक्का आणि निर्धास्त रंग सुताला मिळालेला नाही, आणि आजीच्या फडक्याच्या परीक्षेला तो बहुतेक उतरेल. मात्र पातेल्यात घातलेला सगळाच रंग धाग्याशी जोडला जात नाही. त्याचा बराच अंश पाण्याशीच संयोग पावून निकामी होतो, आणि रंग धाग्याकडे लोटण्यासाठी घातलेल्या अतोनात मिठासह तो सांडपाण्यात जातो. तमिळनाडूतील तिरुप्पूरच्या होजिअरीने नोय्यल नदीची अशी अवस्था केली, की २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाला तेथील रंगकारखाने बंद ठेवण्याचा हुकूम द्यावा लागला. आपल्या इचलकरंजीच्या पंचगंगेची तक्रार काही निराळी नाही. नवी मुंबईजवळच्या तळोज्यात ऑगस्ट २०१७ मध्ये रस्त्यावरची कुत्री निळी झालेली लोकांनी पाहिली: कासाडी नदीच्या काठी अन्न शोधताना एका कारखान्याच्या रंगाने ती माखली होती. त्या कुत्र्यांची छायाचित्रे देशोदेशी गेली, आणि मला निळाऱ्याच्या कोपरापर्यंतच्या निळ्या हातांची आठवण झाली.

आज दुकानात उभे राहून कापड निवडणाऱ्याने काय पाहावे, असे मला कुणी विचारले तर मी आधी रंगाकडे न पाहता धाग्याकडे पाहीन. पॉलिएस्टरला लागणारे डिस्पर्स जातीचे रंग धाग्यात नुसते विरघळून राहतात. गडद निळ्या-काळ्या, घट्ट बसणाऱ्या कृत्रिम कपड्यांतून घामाबरोबर ते कातडीवर उतरतात आणि काखेत, मांड्यांवर, गुडघ्यामागे खाज व चट्टे उठतात, हे त्वचारोगतज्ज्ञांना चांगले ठाऊक आहे. ज्यांची कातडी नाजूक आहे त्यांनी अंगाला लगटणारे वस्त्र सुती आणि फिके घ्यावे, शक्य तर न रंगवलेले. मांजरपाट आणि कोरी खादी अजून बाजारातून गेलेली नाहीत. नैसर्गिक रंगाचे म्हणून जे महाग विकले जाते, त्याच्या विक्रेत्याला तुरटी वापरली की मोरचूद, एवढे विचारायला संकोच नको. ज्याने खरोखर रंगवले आहे तो या प्रश्नाने खूश होतो. आणि नवे कापड धुतल्याशिवाय अंगाला लावू नये. मिठाच्या पाण्यात भिजवले की रंग पक्का होतो ही समजूत आपल्याकडे घरोघर आहे. मिठाचे काम रंगवतानाचे, तयार कापडाचा रंग त्याने पक्का होत नाही. पण त्या निमित्ताने कापड भिजते, सुटा रंग आणि खळ निघून जाते, आणि नेसणाऱ्याला जे मिळायला हवे ते मिळते.

आमच्या घरात मूल जन्मले की त्याला नवे कापड पहिल्यांदा लावीत नसत. आजोबांचे जुने, शेकडो वेळा धुतलेले, उन्हात वाळून मऊ झालेले धोतर फाडून आजी त्याची झबली शिवी. दुपट्याला तिचे स्वतःचे विटलेले लुगडे असे, ज्याचा मूळ रंग कोणता हे कडेच्या शिवणीत पाहिल्याशिवाय सांगता येत नसे. बारशाला आलेल्या नव्या कुंच्या, अंगडी, रेशमी टोपडी बाळाच्या अंगावर घटकाभर घालून, सगळ्यांनी पाहिल्यावर ती काढून ठेवी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर एकेक कपडा वेगळ्या पाण्यात बुडवून, पाणी ओंजळीत घेऊन उजेडाकडे धरी.